हवालदाराचं बाळंतपण

उंब्रजच्या अंजनाबाईनं नवऱ्यावरचा एक राग अठरा वर्षं सांभाळला होता. सांभाळला कसा, तर बाया खाराच्या लिंबांची बरणी सांभाळतात तसा. सहा महिन्यांनी एकदा झाकण काढायचं, वास घ्यायचा, मुरलाय का बघायचं आणि पुन्हा फडकं बांधून फळीवर ठेवून द्यायचं. घरात कुणाला पत्ता नव्हता. ज्याच्यावर राग होता त्या लालासाहेबाला तर मुळीच नव्हता. पलटणीतून हवालदार होऊन परतलेल्या त्या गृहस्थाची पक्की समजूत होती, की देवानं आपली बायको घडवताना माती कमी आणि लोणी जास्त वापरलंय.

कारण घडलं ते छप्पन साली. अंजनाला आई नव्हती, म्हणून माहेरी व्हायचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. पोरगी झाली, तिचं नाव हौसा. लालासाहेब तेव्हा दोन महिन्यांच्या रजेवर घरी होता. बाळंतिणीच्या मालिशीला धोंडुबाई येत होती. ही जतकडची मेंढरांमागं फिरणारी बाई. दिवाळी झाली की तिचं बिऱ्हाड कृष्णाकाठाला यायचं, शेताशेतात मेंढरं बसवायचं आणि खताच्या बदल्यात धान्य घेऊन पुढं जायचं. कोकरं चोळून चोळून तिच्या हाताला असा काही गुण आला होता, की तिनं एकदा एका बाजेचा मोडका पाय तेल लावून चोळला तर तो सांधला म्हणतात. खोटं वाटत असेल त्यानं उंब्रजला जाऊन विचारावं, त्या बाजेवर झोपलेली माणसं अजून हिंडती-फिरती आहेत.

तर ही धोंडुबाई रोज सकाळी अंजनाला तिळाच्या तेलानं चोळायची. मग अंगाची सालटी निघतील असं कढत पाणी. मग बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. कानात कापूस, डोक्याला फडकं, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून. आई नसलेल्या त्या पोरीला पाच दिवस असं वाटलं, की आपली आई जतहून मेंढरं घेऊन आली आहे.

पाचवी पुजली आणि सहाव्या दिवशी लालासाहेबाचे सहा मित्र जेवायला आले. सगळे पलटणीतले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाय ठेवायचा नसतो, तो काही त्यानं ठेवला नाही. उंबऱ्याबाहेरूनच हुकूम सोडला.

"पाच दिवस लय झालं. आमच्या पलटणीत गोळी लागलेला शिपाई तिसऱ्या दिवशी परेडला हुबा ऱ्हातो. त्या मेंढरंवालीला घालवा आन् भाकरी टाका."

अंजना उठली. तेल लावलेलं गरम अंग, त्याला दारातला वारा लागला, तशीच चुलीपुढं बसून तिनं एकसष्ट भाकरी थापल्या. जेवणारे सहाच होते, पण जेवणारे पलटणीतले होते. बासष्टावी थापायला ती वाकली आणि पाठीत कट्टकन वाजलं. तेव्हापासून ते वाजतच होतं. अठरा वर्षं झाली, अंजना वाकली की असा आवाज व्हायचा की अंगणातल्या कोंबड्या उडून सपरावर जाऊन बसायच्या.

आणि धोंडुबाई? बाराव्या दिवशी मालिशवालीची ओटी भरायची, खण-नारळ देऊन तिला मानानं पाठवायची, ही रीत. ती सहाव्या दिवशी रिकाम्या पदरानं उंबऱ्याबाहेर पडली. लालासाहेबाच्या रानात बसलेली मेंढरं तिनं उठवली आणि शेजारच्या रानात नेऊन बसवली. पुढं अठरा वर्षं तिचा कळप त्या बांधावरनं गेला, पण एका मेंढीनं त्या रानात लेंडी टाकली नाही. मेंढरांनासुद्धा सांगून ठेवलं होतं म्हणा ना. बांधाच्या पलीकडला ऊस ताडासारखा व्हायचा आणि अलीकडला माणसाच्या कंबरेला. लालासाहेब बियाण्याला शिव्या घालायचा.

हे सगळं बरणीत मुरत पडलं असतं. पण चौऱ्याहत्तर साल उजाडलं. हौसाला सातवा महिना लागला, आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची ठरली. लालासाहेबानं पारावर बसून चार माणसांत जाहीर केलं, की आमच्या घरात बाळंतीण पाच दिवसांच्या वर झोपत नाही. बायकांचं काय, बारा-बारा दिवस फुकटची मालिश, गरम पाणी आणि खाटेवर लाडू. ही सगळी लोळायची सोंगं. आपल्या घरात शिस्त आहे. हिलाच विचारा की, पाच दिवसांत उठली, काही झालं का?

पारावरचं हे बोलणं पाण्याच्या घागरीबरोबर घरी आलं. अंजनानं ऐकलं. आपली पाठ गेली ती गेली, पण हौसाची पाठ ती जाऊ देणार नव्हती. त्या दिवशी तिनं बरणी फळीवरनं खाली काढली.

संधी लालासाहेबानंच आणून दिली. त्याच्या पलटणीत एक मेजरसाहेब होता. थंड हवेच्या ठिकाणी छावणी असताना हा मेजर दर शनिवारी मडमेला घेऊन डोंगरात सायकल मारायला जायचा, आणि रविवारी दोघं गरम पाण्यात बसून मालिश करून घ्यायची. त्याला ते वीकेंड म्हणायचे. लालासाहेबानं दोन वर्षं त्या सायकली पुसल्या होत्या आणि तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की पेन्शनीत निघालो की एकदा आपणही वीकेंड करायचा. पौषातल्या एका सकाळी त्यानं हा बेत बायकोपुढं मांडला. शनिवारी आपण सायकलीवरनं शामगावचा घाट चढायचा. एकदाही खाली न उतरता. तिनं एस.टी.नं डबा घेऊन पुढं जायचं आणि माथ्यावर उभं राहायचं. कारण वर पोचलेलं बघायला कुणीतरी पाहिजे, नाहीतर पारावर विश्वास कोण ठेवणार.

अंजना एवढी गोड हसली, की दुसरा एखादा नवरा असता तर घाबरून घर सोडून गेला असता.

"चढायचं तुमी बघा," ती म्हणाली. "मालिशीचं आन् गरम पाण्याचं मी बघती. तुमच्या मेजरपरास काकणभर सरसच करती."

मग आठ दिवस त्या घरात बेत चालला. लालासाहेब रोज संध्याकाळी सायकलीला तेल घालायचा. ती सायकल म्हणजे चाकं लावलेली लोखंडी खाट होती. भिंतीला टेकवली की भिंत मागं सरकायची. तो वळणं मोजायचा, कुठं पाणी प्यायचं, कुठं दम मारायचा, ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचा. एकदा तर त्यानं बायकोला अंगणात उभी करून घाटमाथा केली आणि सायकलीवरनं तिच्याभोवती सात फेऱ्या मारल्या.

तिचा बेत कॅलेंडरवर नव्हता. ती मसूरच्या बाजारात गेली. धोंडुबाईचं बिऱ्हाड त्या साली शामगावच्या घाटमाथ्यावर उतरलेलं आहे, हे तिला ठाऊक होतं. म्हातारी लोकर विकत बसली होती. अंजनानं सगळं सांगितलं, अगदी वीकेंड या शब्दासकट.

"म्हंजे तुझा नवरा माझ्याकडं मालिशीला येणार," धोंडुबाई म्हणाली. "कुठला नवरा? त्योच?"

"एकच हाय की, मावशी."

"मग येऊ दे. अठरा वर्सं हात शिवशिवाय लागल्यात. एक बी हाड जागेवर ठेवत न्हाई."

अंजनानं मान हलवली. नवऱ्याचं एकही हाड हलवायचं नाही, असं तिनं म्हातारीला बजावलं. उलट सुख द्यायचं. आयुष्यात कधी मिळालं नसेल असलं सुख द्यायचं. आणि त्या सुखात माणूस पार विरघळला, की मग.

"मग काय?"

"मग उठवायचा."

धोंडुबाईनं लोकरीच्या ढिगाखालनं बाळंतशेपाची एक पुडी काढून अंजनाच्या पदरात टाकली आणि पैसे विचारले नाहीत.

आता कुणी म्हणेल, बाजेखालची शेगडी आणि धुरी बघून हवालदाराला कळणार नाही का? तर नाही. खोलीच्या आत काय चालतं ते त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. त्याच्या आईचं नाही, बहिणीचं नाही, बायकोचं नाही. आत जाणाऱ्या मालिशवालीचं तोंडसुद्धा त्यानं कधी बघितलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत बारा दिवस बायका लोळतात, एवढंच त्याचं ज्ञान. अंजनाचा सगळा बेत या एका गोष्टीवर उभा होता, आणि तिला त्याची काळजी नव्हती. घरी येऊन तिनं सहा पोस्टकार्डं लिहिली. तिसरीपर्यंत शिकलेली होती, अक्षर वळणदार नव्हतं, पण हवालदाराचंही नव्हतं. रविवारी दुपारी घाटमाथ्यावर जेवायला यावे, खाली लालासाहेबाची सही.

शनिवारी सकाळी खाकी चड्डी, पायाला पट्ट्या आणि शिट्टी अशा थाटात लालासाहेब निघाला. सगळा पार निरोपाला उभा होता. मसूरच्या पुढं अंजनाच्या गाडीनं त्याला गाठलं. ती खिडकीशी बसली होती. तिनं काही हात हलवला नाही, फक्त बघून घेतलं. तोंडावर अजून मेजर होता. बरं झालं, ती मनात म्हणाली, जितका उंच चढेल तितका चांगला.

माथ्यावर पोचल्यावर ती आणि धोंडुबाई एका खडकावर बसल्या, शेंगा फोडत, तमाशाला पुढची जागा मिळाल्यासारख्या. घाटाची सगळी वळणं तिथनं दिसत होती. पहिल्या वळणावर हवालदार शिट्टी वाजवत आला. दुसऱ्या वळणावर शिट्टी तोंडात होती, पण वाजत नव्हती. तिसऱ्यावर तो उभा राहून पायडल मारायला लागला. चौथ्यावर धोंडुबाईचीच एक चुकार मेंढी त्याच्या बरोबरीनं चालायला लागली. थोडी पुढं जायची, थांबून मागं बघायची, तो आला की पुन्हा चालायची. पाचव्या वळणावर सायकलीची साखळी इतकी तापली होती, की बाजूनं चाललेल्या गाडीवानानं तिच्यावर विडी पेटवून घेतली. हे त्या गाडीवानानं स्वतः सांगितलेलं आहे.

पण उतरला नाही गडी. तेवढं त्याला दिलं पाहिजे. सूर्य डोक्यावरनं कलल्यावर, मेंढीच्या पाठोपाठ, माथ्यावर आला आणि आल्या आल्या सायकलीसकट आडवा झाला.

"बघितलंस?" तो जमिनीवरनं म्हणाला.

"बघितलं," अंजना म्हणाली. "लय झ्याक. आता उठायचं काम न्हाई."

धोंडुबाईचा लेक धुळा यानं त्याला उचलून खोपटात नेलं आणि बाजेवर टाकलं. मांड्या दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारख्या फडफडत होत्या. म्हातारीनं तिळाचं तेल कोमट केलं आणि पोटऱ्यांपासून सुरुवात केली. लालासाहेबानं आधी दात खाल्ले, मग तोंड उघडं पडलं, मग डोळे मिटले. पाठीवर हात आला तेव्हा त्याच्या तोंडून कोकरासारखा आवाज निघाला आणि बाहेरच्या दोन मेंढ्यांनी त्याला ओ दिली. मग कढत पाणी. मग बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा. धूर अंगाभोवती फिरायला लागला तसा त्यानं विचारलं, हे काय.

"विंग्रजी पद्धत हाय," धोंडुबाई म्हणाली.

तेवढ्यानं त्याचं समाधान झालं. मेजरच्या बंगल्यातही भिंतीत आग पेटवायचे, हे त्याला आठवलं. कानात कापूस घालून घेतला, डोक्याला फडकं बांधून घेतलं, पोटावर लुगड्याचा पट्टा आवळताना श्वास आत ओढून मदतसुद्धा केली. आळिवाची खीर वाटीभर खाल्ली आणि असलं पुडिंग मेजरच्या मेसमध्येही नव्हतं म्हणाला.

"हौसाची आई," तो धुरातनं बोलला, "आसं बारा दिवस पडून ऱ्हावं वाटतंया बघ."

"किती?"

"बारा. कमीत कमी."

"ऱ्हावा की," अंजना म्हणाली.

थोड्या वेळानं तो झोपला. कानात कापूस, डोक्याला फडकं, तोंड थोडं उघडं. लेकराएवढा दिसत होता. अंजनाला क्षणभर वाटलं, सोडून द्यावं. पोस्टकार्डं गेलीत, पण पाहुण्यांना आपणच चार भाकरी करून घालाव्यात. शेगडीतले निखारे पुढं सारायला म्हणून ती वाकली, पाठीत कट्टकन वाजलं, आणि ते वाटणं गेलं.

रविवारी सकाळी धोंडुबाईनं दुसरी मालिश केली. ही पहिलीहून सवाई. हाडं आणि मांस वेगवेगळं करून पुन्हा लावल्यासारखी. कढत पाण्यानं न्हाऊन हवालदार बाजेवर पडला, शेगडी फुलली, अंगातला कणन् कण सैल झाला. जगात याहून चांगलं काही असेल असं त्याला वाटेना. नेमका तेव्हा घाटात एस.टी.चा हॉर्न वाजला.

सहा जण उतरून खोपटाकडं आले. छप्पन सालच्या सहांतला एक वारला होता, त्याच्या जागी त्याचा थोरला भाऊ आला होता, कारण कार्ड घरी आलं आणि जेवण वाया कशाला घालवायचं. सगळ्यांत पुढं मलकापूरचा आकाराम होता. या आकारामाची आई सुईण. त्याचं बालपण ओव्याच्या धुरात गेलेलं. तो खोपटाच्या दारात आला आणि थांबला. बाज बघितली, शेगडी बघितली, कानातला कापूस, डोक्याचं फडकं, पोटाचा पट्टा. त्यानं नाकानं एकदा वास घेतला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"लालासाब," तो हळूच म्हणाला, "कवा मोकळा झालास रं?"

लालासाहेबाला काही उमजेना. त्यानं कानातला कापूस काढला.

"इच्यारतोय, पोरगा का पोरगी?"

मग जे हसू फुटलं ते घाटाखाली मसुरात ऐकू गेलं. बाजारातल्या माणसांनी वर बघितलं, असं सांगतात. सहाही जण एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते. आकारामानं बाळंतिणीची बाज कशी असते ते समजावून सांगितलं तसा लालासाहेबाचा चेहरा आधी लाल, मग जांभळा आणि मग राखेसारखा झाला. तो पट्टा सोडायला लागला, पण धोंडुबाईनं बांधलेली गाठ सोडवणारा माणूस अजून जन्मायचा होता. त्यानं बायकोकडं बघितलं. बायको हसत नव्हती.

"उठा," अंजना म्हणाली. "पाव्हणे आल्यात. भाकरी टाका."

"कुणी?"

"तुमी. धुळानं मटण केलंय. पीठ मळायचं हाय. माझी पाठ गेलीया, मला बसवत न्हाई."

ती शांतपणे दुसऱ्या बाजेवर आडवी झाली. लालासाहेबानं सांगून बघितलं, की अंग गरम आहे, वारा लागेल, पाय उचलत नाहीत, अजून दोन दिवस तरी पडून राहायला पाहिजे. अंजनानं सगळं ऐकून घेतलं. मग वरच्या छपराकडं बघत, एकेक शब्द सुटा करून ती बोलली.

"पलटणीत गोळी लागलेला शिपाई तिसऱ्या दिवशी परेडला हुबा ऱ्हातो. आसं मला कुणीतरी सांगितलं हुतं. हौसा सा दिवसांची हुती. घरात ह्येच पाव्हणे हुते."

हसू थांबलं. आकारामानं हातातली टोपी फिरवली. त्याला ते जेवण आठवत होतं, चांगलंच आठवत होतं. भाकरी मऊ होत्या, त्यानं एकट्यानं अकरा खाल्ल्या होत्या. आतल्या बाजूला कोण बाळंतीण आहे ते त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं.

"वैनी, मी मळतो पीठ," तो म्हणाला आणि पुढं झाला.

"बसा भावजी," अंजना म्हणाली. "त्या दिशी बी बसलाच हुता."

तो बसला. सहाही जण ओळीनं घोंगडीवर बसले, परीक्षेला बसल्यासारखे. पाहुणा दारात येऊन उपाशी परत गेला, ही गोष्ट कराड तालुक्यात हवालदाराच्या आधी पोचली असती. लालासाहेब उठला. चुलीपुढं बसला. पलटणीच्या लंगरात शंभर माणसांचा स्वयंपाक केल्याच्या बाता त्यानं पूर्वी मारल्या होत्या, पण ज्वारीची भाकरी लंगरातल्या रोटीसारखी ऐकत नाही. पहिली भाकरी थापली ती जत तालुक्याच्या नकाशासारखी झाली आणि तव्यावर टाकताना तिचे दोन तालुके झाले.

दारातनं माथ्यावरचा वारा आला. तेल लावलेल्या गरम पाठीला तो सुरीसारखा लागला. लालासाहेब शहारला. पाचव्या भाकरीला त्याची कंबर भरून आली. दहाव्या भाकरीला त्यानं मागं वळून न बघता तोंड उघडलं.

"हौसाला आठ दिवस झोपू दे मग," तो म्हणाला.

पीठ संपत आलं की धोंडुबाई परातीत आणखी ओतत होती. पाहुणे मुकाट खात होते. न खावं तर भाकरी उरतात आणि खावं तर नवीन थापावी लागते, अशा कात्रीत ते सापडले होते, आणि शेवटी पलटणीच्या सवयीनं त्यांनी खायचं ठरवलं.

विसाव्या भाकरीला लालासाहेब दहा दिवसांवर आला. तिसाव्याला बारांवर.

"बारा. काल मी सोता म्हणालो न्हवं? बारा दिवस. झालं?"

"बारा दिवस लोळायला," अंजना म्हणाली. "सोंग करायला. व्हय?"

लालासाहेबाच्या हातातली भाकरी परातीत पडली. पारावरचे आपले शब्द त्यानं ओळखले. मग उरलेलं पीठ पुन्हा मळायला लागला. आता त्याला घाई नव्हती, कारण घाई करायला अंगात काही उरलं नव्हतं. एकेचाळिसाव्या भाकरीला त्यानं कबूल केलं की सोंग नसतं. पन्नासाव्या भाकरीला कबूल केलं की त्या दिवशी आपलं चुकलं. हे तो इतकं हळू बोलला की अंजनानं आकारामाला विचारलं, ऐकू आलं का? आकाराम म्हणाला, न्हाई वैनी. मग ते त्याला मोठ्यानं म्हणावं लागलं.

एकसष्टावी भाकरी तव्यावर पडली आणि ती शेकायला तो पुढं वाकला, तोच त्याच्या पाठीत कट्टकन वाजलं. बाहेर मेंढरं दचकून उठली. लालासाहेब तसाच वाकलेला राहिला, एक हात तव्याशी, एक कंबरेवर.

"सव्वा महिना," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "सव्वा महिना झोपव पोरीला. मी कुणाला उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाई. आता तरी मला आडवा कर."

अंजना बाजेवरनं उठली. तिनं पाहुण्यांकडं बघितलं. सहाही जणांनी माना हलवल्या, की ऐकलं, सव्वा महिना. तरी ती त्याला आडवा करायला पुढं झाली नाही.

"मालिशीला कोण येणार?" तिनं विचारलं.

"ही बाई येऊ दे. लय चांगली बाई हाय. कोण हाय ही?"

"तू मला वळखत न्हाईस," धोंडुबाई म्हणाली. "मी बी तुला तोंडानं वळखत न्हवते. तू दाराबाहेर हुबा हुतास. तू 'मेंढरंवालीला घालवा' म्हणालास. मी गेले."

लालासाहेबाला मान वर करता येत नव्हती. तो तसाच, वाकलेला, त्या म्हातारीच्या पायांकडं बघत राहिला. अंजनानं आपल्या पिशवीतनं खण आणि नारळ काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. ओटी बाईनं भरायची असते, हे त्यालाही ठाऊक होतं, सहाही पाहुण्यांना ठाऊक होतं. तरी अंजना बाजूला उभी राहिली. पिठानं भरलेल्या हातांनी, वाकल्या वाकल्या, हवालदारानं धोंडुबाईच्या पदरात खण-नारळ घातला. म्हातारीनं पदर खोचला. मग तिनं त्याच्या पाठीला एक अंगठा असा लावला, की तो सरळ झाला आणि रडला.

संध्याकाळच्या गाडीत अंजना पुन्हा खिडकीशी बसली. हवालदार मागच्या बाकावर पालथा होता आणि सायकल टपावर.

चैत्रात हौसा बाळंत झाली. पोरगा झाला. सव्वा महिना बाजेवर होती, आणि लालासाहेबानं शब्द पाळला. पुण्याहून आलेल्या व्याह्यांनासुद्धा त्यानं पारावर बसवून चहा पाजला आणि उंबऱ्यावरनं परत पाठवलं. पाणी तापवायचं कामही त्यानंच अंगावर घेतलं होतं. रोज पहाटे उठून आडाचं पाणी काढायचा, चुलवण पेटवायचा, आणि कढत हंडा दोन्ही हातांनी धरून कुथत-कुथत उंबऱ्यापर्यंत आणून ठेवायचा. आत पाय ठेवायचा नाही.

धोंडुबाई आत तेल चोळत असायची. अंजना उंबऱ्याशी यायची, हंड्यात बोट घालून बघायची, आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत म्हणायची,

"कोमट हाय. परत तापवा."